जुन्या कन्सोलचे गेम अडखळतात, हँग होतात: नवं यंत्र घेण्याआधी काय तपासाल

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुळे सोलापुरातल्या एका घरी रास्पबेरी पाय ४ वर (तळहाताएवढा संगणक; पुढे नुसतं 'पाय') रेट्रोपाय, म्हणजे जुन्या कन्सोलचे गेम चालवणारं सॉफ्टवेअर, टाकलं आहे आणि ते नव्या ४के टीव्हीला जोडलं आहे. मारिओ, कॉन्ट्रा चालतात, पण पडदा सरकताना थोड्या थोड्या वेळाने बारीक झटका बसतो. सुपर निन्टेंडोचे काही गेम मध्येच संथ होतात. प्लेस्टेशनचा गेम अर्धा-पाऊण तास चालला की आवाज फाटायला लागतो आणि मग सगळंच हँग होतं. शिवाय वडील म्हणतात, "आमच्या वेळी हा गेम एवढा पळत नव्हता." दुकानदाराने मिनी पीसी घ्यायला सांगितलं आहे. घ्यावा का?

आत्ता घेऊ नका. तुम्ही एका दमात सांगितलेल्या चार तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत. त्यातली एक तर बिघाडच नाही, आणि पहिला झटका नव्या यंत्रावरही जसाच्या तसा दिसू शकतो. माझ्याकडे अशा ज्या तक्रारी येतात त्यांत यंत्राची ताकद कमी पडल्याच्या थोड्याच असतात. बहुतेक ठिकाणी वेळेचा मेळ बसलेला नसतो, नाहीतर वीज नीट पोचत नसते. म्हणून मी आधी एवढंच विचारतो: अडखळतं नेमकं कधी? ठरावीक अंतराने, पडद्यावर गर्दी झाली की, यंत्र तापल्यावर, की केव्हाही? याचं उत्तर मिळेपर्यंत एकही सेटिंग बदलू नका. दहा सेटिंग एकदम बदलली की गेम सुधारला तरी कशामुळे सुधारला ते कळत नाही, आणि बिघडला तर परत येण्याची वाट सापडत नाही.

ठरावीक अंतराने बसणाऱ्या झटक्यापासून सुरुवात करतो, कारण त्याचं मूळ फारसं कुणी समजावून सांगत नाही.

पिक्चर ट्यूबचा जुना टीव्ही कन्सोलच्या मागे चालायचा. कन्सोल ज्या गतीने चित्र पाठवेल ती गती टीव्ही पकडायचा. निन्टेंडोचा एनईएस आणि सुपर निन्टेंडो यांच्या एनटीएससी (अमेरिका-जपानची टीव्ही पद्धत) आवृत्त्या सेकंदाला ६०.०९८८ चित्रं पाठवतात. रंगीत एनटीएससी प्रक्षेपणाचा ठरलेला आकडा ५९.९४ आहे; पण हे कन्सोल दर चित्राला २६२.५ ऐवजी २६२ रेषाच काढतात, म्हणून किंचित पुढे जातात. सेगाचा मेगा ड्राइव्ह ५९.९२ वर चालतो, गेम बॉय ५९.७३ वर. ट्यूबला या फरकाचं काहीच वाटत नसे. आजचा साधा एलईडी टीव्ही मात्र स्वतःच्या घड्याळाने सेकंदाला ६० वेळा किंवा ५९.९४ वेळा पडदा बदलतो आणि कुणासाठी थांबत नाही. शेजारशेजारच्या दोन यंत्रमागांचे ठोके काही वेळ एकत्र पडतात, हळूहळू सुटतात आणि पुन्हा जुळतात, तसं गेम आणि टीव्ही यांचं होतं.

हिशोब साधा आहे. ६०.०९८८ वजा ६० म्हणजे ०.०९८८. सुमारे दहा सेकंदांत एक फ्रेम, म्हणजे एक चित्र, जास्तीची तयार होते आणि ती टाकून द्यावी लागते. टीव्ही ५९.९४ वर असेल तर हेच साधारण सव्वासहा सेकंदांनी होतं. तुम्ही मोबाइलवर स्टॉपवॉच लावा, मारिओला सलग एकाच दिशेने पळवत ठेवा आणि झटके मोजा. अंतर सहा किंवा दहा सेकंदांच्या आसपास निघालं तर पाय, टीव्ही आणि गेम तिन्ही ठणठणीत आहेत, फक्त त्यांचा मेळ बसवायचा राहिला आहे.

मेळ बसवायचं काम रेट्रोपायच्या पोटातलं रेट्रोआर्च, म्हणजे गेम चालवणारा मुख्य प्रोग्राम, करतं, आणि फार हुशारीने करतं. ते गेमला टीव्हीच्या गतीवर आणतं, म्हणजे ६०.०९८८ चा गेम ६० वर चालवतं. खेळणाऱ्याला एवढा फरक जाणवत नाही. पण मग आवाज तुटायला लागतो, कारण गेम हळू चालला की त्याच प्रमाणात आवाजाचे नमुने कमी तयार होतात आणि साउंड कार्डला तर सेकंदाला ४८,००० हवेतच. तूट ०.१६ टक्क्याची दिसते, पण आवाजाचा साठा ६४ मिलिसेकंदांचा असेल तर तो चाळीसेक सेकंदांत रिकामा होतो आणि 'खर्र' येतं. रेट्रोआर्च ही तूट भरून काढायला आवाज तेवढाच ताणतं. सुरात पडणारा हा फरक कानाला कळण्यासारखा नसतो. शेजारच्या दोन स्वरांमधलं अंतरच सहा टक्क्यांच्या घरात असतं. या सोयीचं नाव डायनॅमिक ऑडिओ रेट कंट्रोल. तिची मूळ किंमत ०.००५ आहे, ती तशीच राहू द्या. व्हीसिंक (फ्रेम टीव्हीच्या ठोक्यावर दाखवणं) चालू आणि ऑडिओ सिंक (आवाजाचा मेळ) चालू ठेवा. 'लॅग (बटण दाबल्यावरचा उशीर) कमी करा' म्हणून सांगणारे व्हिडिओ पाहून पुष्कळ जण व्हीसिंक बंद करतात आणि तिथून झटक्यांना सुरुवात होते. मग व्हिडिओच्या मेन्यूत जाऊन टीव्हीचा खरा रिफ्रेश रेट मोजायला लावा. २,०४८ फ्रेमपर्यंत थांबा, येणारा आकडा स्थिर झाला की स्वीकारा. थ्रेडेड व्हिडिओ नावाचा पर्याय पाय ४ वर या जुन्या गेमांसाठी बंद ठेवा. त्याने वेग वाढल्यासारखा वाटतो, पण फ्रेम वेळेवर पडण्याची खात्री जाते.

तुमच्या बाबतीत मात्र त्याआधी एक गोष्ट बघा, कारण तुमचा टीव्ही ४के आहे. पाय ४ अशा टीव्हीला जोडला की काही वेळा थेट ४के रेझोल्यूशन धरतो, आणि वेगळी परवानगी दिल्याशिवाय त्या रेझोल्यूशनला तो ३० हर्ट्झच (सेकंदाला ३० चित्रं) देतो. म्हणजे ६० फ्रेमच्या गेमच्या निम्म्या फ्रेम पडद्यावर येतच नाहीत. हा अधूनमधून बसणारा झटका नसतो, सगळा गेमच खरखरीत सरकतो. गेम सुरू होताना क्षणभर जी चौकट येते तेव्हा बटण दाबलं की रेट्रोपायचा रनकमांड नावाचा मेन्यू उघडतो. तिथे १९२० गुणिले १०८०, ६० हर्ट्झ निवडा. चित्र मोठं करायचं काम टीव्ही स्वतः करतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड लावा आणि 'मोशन स्मूद' अशा अर्थाचं जे काही असेल ते बंद करा. दोन चित्रांच्या मध्ये टीव्ही स्वतःच्या मनाने तिसरं चित्र घालतो, आणि पिक्सेलच्या खेळांत ते फार वाईट दिसतं.

आता वडिलांची तक्रार. ते बरोबर सांगताहेत. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी जे टीव्ही गेम होते ते बहुतेक निन्टेंडोच्या फॅमिकॉमच्या (एनईएसची जपानी आवृत्ती) नकला होत्या, आणि आपले टीव्ही पाल पद्धतीचे, ५० हर्ट्झचे. पाल टीव्हीसाठी बनवलेली नक्कल सेकंदाला ५० चित्रं काढायची. ६० साठी लिहिलेला गेम ५० वर चालला की सहाव्या हिश्शाने संथ होतो. जंपही संथ, संगीताची लयही संथ. सूर मात्र फारसा उतरत नसे, कारण या नकलांच्या प्रोसेसरचा वेग १.७७ मेगाहर्ट्झ ठेवलेला असे आणि मूळ एनटीएससी यंत्राचा १.७९. म्हणून तेच सूर थोड्या सावकाश लयीत कानात बसलेले असतात, आणि आज खरा ६० चा वेग पाहिला की गेम पळतोय असं वाटतं. एनईएसच्या चांगल्या कोअरमध्ये (कोअर म्हणजे रेट्रोआर्चमधला त्या कन्सोलचा इम्युलेटर, जुन्या यंत्राची सॉफ्टवेअरमधली नक्कल), उदाहरणार्थ नेस्टोपिया किंवा मेसेनमध्ये, रीजन म्हणून एनटीएससी आणि पाल यांच्या जोडीला डेन्डी असा पर्याय असतो. डेन्डी ही रशियात खपलेली अशीच नक्कल. तो पर्याय लावून वडिलांच्या हातात कंट्रोलर द्या. फक्त तेव्हा टीव्हीही ५० हर्ट्झवर न्या. ५० चा गेम ६० च्या पडद्यावर दाखवायचा तर दर पाच फ्रेमनंतर एक फ्रेम दोनदा दाखवावी लागते, म्हणजे सेकंदाला दहा झटके. आपल्याकडचे बहुतेक टीव्ही १०८० रेषा ५० हर्ट्झवर बिनतक्रार घेतात. रनकमांडमध्ये त्या एका गेमपुरती ती निवड जपून ठेवता येते. युरोपी आवृत्तीचे गेम चालवतानाही हीच काळजी घ्यावी लागते. नाहीतर त्यांची अमेरिकी किंवा जपानी आवृत्ती वापरा.

सुपर निन्टेंडोचे गेम संथ होतात म्हणालात, तिथे आधी एक शंका फेडून घ्या: गेम मुळातच तिथे संथ होतो का? सुपर निन्टेंडोवरचा ग्रॅडियस ३ खऱ्या यंत्रावरही गर्दीच्या ठिकाणी रेंगाळतो. निओ जिओवरचा १९९८ चा मेटल स्लग २ तर या संथपणासाठीच ओळखला जातो; १९९९ च्या मेटल स्लग एक्समध्ये तो दोष बराच काढला. एनईएसवर एका आडव्या रेषेत आठच स्प्राइट (हलणारी छोटी चित्रं) दिसू शकतात, नववा आला की चित्रं लुकलुकतात. यातलं काहीही इम्युलेटरचं अपयश नाही. उलट इम्युलेटर खरं यंत्र किती प्रामाणिकपणे दाखवतोय याची ती खूण आहे, आणि माझ्या मते ते तसंच ठेवावं. नकोच असेल तर काही कोअरमध्ये मूळ प्रोसेसरचा वेग वाढवायची सोय असते.

ताकद खरंच कमी पडते का, हे ओळखायची खात्रीची चाचणी आहे. फ्रेमरेट पडद्यावर दिसेल असं करा, फास्ट फॉरवर्डची मर्यादा शून्यावर ठेवा, म्हणजे बंधन राहत नाही, आणि गेम संथ होतो त्याच जागी फास्ट फॉरवर्ड दाबा. आकडा दोनशेच्या वर गेला तर यंत्रात भरपूर दम आहे, दोष दुसरीकडे शोधा. सत्तर-पंच्याहत्तरवरच अडकला तर दम काठावर आहे, जरा गर्दी झाली की साठच्या खाली येणार. अशा वेळी सर्वांत आधी रिवाइंड (गेम मागे नेण्याची सोय) बंद करा. तो सतत गेमची स्थिती साठवत बसतो. मग रन-अहेड. इनपुटचा उशीर कमी करायला ही सोय उत्तम आहे, पण एक फ्रेम पुढे बघायचं म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक फ्रेमसाठी दोन फ्रेमचं काम करायचं. ट्यूबसारखं दिसावं म्हणून शेडर (चित्रावर परिणाम चढवणारा छोटा प्रोग्राम) लावला असेल तर सीआरटी-रॉयल पायला झेपत नाही. सीआरटी-पाय हा याच बोर्डासाठी लिहिलेला आहे, तो लावा. त्यानंतर कोअर बघा. बीस्नेस अचूक आहे पण जड आहे, स्नेस९एक्स पाय ४ ला पेलतो. स्टार फॉक्स किंवा योशीज आयलंडसारख्या गेमच्या कॅसेटमध्येच सुपर एफएक्स नावाची जादा चिप होती. इम्युलेटरला ती चिपही वेगळी चालवावी लागते, म्हणून बाकीचे गेम मजेत चालतात आणि नेमके हेच अडखळतात.

प्लेस्टेशनच्या तक्रारीत मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते, कारण 'अर्ध्या-पाऊण तासाने' हे शब्द वीज आणि उष्णता यांच्याकडे बोट दाखवतात.

आधी वीज. पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर लागतो. घरोघरी त्याला मोबाइलचा फास्ट चार्जर लावलेला असतो. त्यावर मोठे वॉट छापलेले असतात, पण ते ९ किंवा १२ व्होल्टवरचे. ५ व्होल्टवर तो बऱ्याचदा २ अँपिअरच देतो. त्यात केबल बारीक. केबलच्या जाण्यायेण्याच्या तारांचा रोध पाव ओहम धरा आणि पाय दीड अँपिअर ओढतोय असं समजा: ०.३७५ व्होल्ट वाटेतच खर्च होतात आणि ५ चे ४.६२ उरतात. पायची धोक्याची रेषा ४.६३ व्होल्ट आहे. तिच्या खाली गेलं की पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकते आणि बोर्ड प्रोसेसरचा वेग उतरवतो. घरातला दाब कमीजास्त होतो म्हणून काही जण स्टॅबिलायझर घेतात. त्याचा इथे उपयोग नाही, कारण चांगला अ‍ॅडॉप्टर १०० ते २४० व्होल्टमध्ये कुठेही ५ च देतो. पैसे अ‍ॅडॉप्टर आणि जाड, आखूड केबलवर घाला. शक्यतो जिची केबल अ‍ॅडॉप्टरलाच कायमची जोडलेली आहे अशी जोडी घ्या.

गेम हँग होण्याच्या बेतात असताना दुसऱ्या संगणकावरून पायमध्ये शिरून 'व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड' (vcgencmd get_throttled) ही आज्ञा द्या, म्हणजे अंदाजाने बोलावं लागणार नाही. उत्तर '०एक्स०' (0x0) आलं तर सुरू केल्यापासून एकदाही तक्रार नाही. '०एक्स५००००' म्हणजे मध्ये कधीतरी विजेचा दाब पडला होता आणि वेग उतरला होता. '०एक्स५०००५' म्हणजे या क्षणीही तेच चाललं आहे.

आता उष्णता. पाय ४ ऐंशी अंशांना स्वतःचा वेग कमी करायला लागतो आणि ८५ ला आणखी कडक होतो. पुस्तकी आकडे २५ अंशांच्या खोलीचे असतात. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर पारा चाळीसच्या वर असतो आणि पत्र्याखालच्या खोलीत संध्याकाळीही भिंती गरम लागतात. म्हणजे तुमच्या हातची पंधरा अंशांची सवलत आधीच गेलेली असते. त्यात पाय टीव्हीच्या बंद कपाटात, सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर. धातूची, उष्णता सोडणाऱ्या उभ्या पट्ट्या असलेली केस किंवा लहान पंखा लावा आणि पाय कपाटाबाहेर काढा. सोलापूरच्या पूर्व भागात, जिथे घरात किंवा घराला लागून माग चालतात, तिथे अजून एक अडचण असते. सुताचे बारीक तंतू पंख्याच्या पात्यांवर आणि हीटसिंकच्या (उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा) फटींत नमद्यासारखे बसतात, आणि पंखा फिरताना दिसतो पण हवा जात नाही. अशा घरात मी पंखा नसलेली धातूची केसच सुचवतो. लॅपटॉपवर इम्युलेटर चालवणाऱ्यांनी तर दर उन्हाळ्याआधी आतून साफसफाई करून घ्यावी.

उष्णतेने वेग उतरतो, आवाज फाटतो; पण बोर्ड पूर्ण हँग होण्यामागे बहुधा पडलेला दाब किंवा कार्ड असतं. दोन्ही एकत्र घडतात म्हणून गोंधळ होतो. म्हणून हँग झाल्यावर लगेच वायर उपटू नका. रेट्रोआर्चचा मेन्यू उघडतो का बघा. उघडला तर यंत्र जिवंत आहे, फक्त गेम किंवा कोअर अडकला आहे. मेन्यू उघडत नाही, पण दुसऱ्या संगणकावरून आत शिरता येतं, तर इम्युलेटर कोसळला आहे. काहीच प्रतिसाद नसेल तर वीज किंवा एसडी कार्ड.

गेम दर वेळी एकाच जागी अडकत असेल, समजा ठरावीक व्हिडिओ सुरू होतानाच, तर डिस्कची प्रत खराब असते. स्वतःच्या डिस्कवरून काढलेल्या प्रतीचा चेकसम (फाइलची आकड्यांतली ओळख) रीडम्प या डिस्कनोंदींच्या यादीशी ताडून बघा. कॅसेटच्या गेमांसाठी नो-इन्ट्रोची यादी आहे. प्लेस्टेशनला खरा बायोस (कन्सोलच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) दिलेला नसेल तर पीसीएसएक्स-रीआर्म्ड हा कोअर त्याची नक्कल वापरतो, आणि काही गेम त्या नकलेवर नेमके अडतात. कोअर अद्ययावत केल्यावर जुनं सेव्ह स्टेट (इम्युलेटरने साठवलेली त्या क्षणाची स्थिती) उघडलं आणि गेम गोठला, असंही होतं. म्हणून कोअर बदलण्याआधी गेममधूनच, मेमरी कार्डवर सेव्ह करायची सवय ठेवा.

एसडी कार्डाचं आपल्याकडे विशेष बघावं लागतं, कारण लाईट जाते. पाय लिहीत असताना वीज गेली तर फाइल सिस्टम अर्धवट राहते, आणि पुढे कधीतरी गेम लोड होताना काही सेकंद सगळं थिजतं. बंद करताना मेन्यूतूनच शटडाउन करा. घरात इन्व्हर्टर असेल तर पाय आणि टीव्ही त्याच्या लाईनवर घ्या. स्वस्तात घेतलेलं मोठ्या क्षमतेचं कार्ड एकदा संगणकात घालून एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ ने पूर्ण तपासा. बनावट कार्डं ६४ जीबी सांगून त्याहून बरीच कमी निघतात, आणि मर्यादेपलीकडे लिहिलेलं सगळं हरवतं. गेम बाहेरच्या हार्ड डिस्कवर असतील तर ती डिस्क झोपते आणि जागी होईपर्यंत गेम थांबतो. तिची झोपण्याची वेळ वाढवली की हा त्रास जातो.

आवाजाबद्दल एक राहिलं. वरचं सगळं झाल्यावरही खरखर उरली तर ऑडिओ लेटन्सी (आवाजाचा साठा) ६४ मिलिसेकंदांवरून ९६ करा, फार तर १२८. त्यापुढे बटण दाबल्यावर आवाज उशिरा आल्याचं जाणवतं. ब्लूटूथ हेडफोन मात्र या कामासाठी वापरू नका, त्यांचा स्वतःचाच उशीर यापेक्षा मोठा असतो.

मिनी पीसीची गरज खरंच केव्हा पडते ते सांगतो. गेमक्यूब, प्लेस्टेशन २ आणि सेगा सॅटर्नचे जड गेम हवे असतील, किंवा बीस्नेस आणि बीटल पीएसएक्ससारखे अचूक कोअर रन-अहेडसकट चालवायचे असतील, तर पाय ४ कडून ती अपेक्षा करू नका. तिथेही गेमक्यूबच्या डॉल्फिन या इम्युलेटरवर नवा झटका भेटेल: एखादा स्फोट किंवा नवी जागा पहिल्यांदा पडद्यावर आली की गेम क्षणभर थांबतो, दुसऱ्यांदा थांबत नाही. ग्राफिक्स कार्डासाठी शेडर त्या क्षणी तयार होत असतात. त्यावर डॉल्फिनने २०१७ मध्ये उबरशेडर (सगळीकडे चालतील असे आधीच तयार शेडर) आणले; ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये हायब्रिड पर्याय निवडा आणि गेम सुरू होण्याआधी शेडर तयार करायची खूण लावा. विंडोजचा पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर ठेवा. मॉनिटर फ्रीसिंकचा (गेमच्या गतीने पडदा बदलणारा) घेतलात तर रेट्रोआर्चमध्ये गेमच्या मूळ फ्रेमरेटशी जुळवून घ्यायचा पर्याय चालू करा. मग पडदा पुन्हा गेमच्या मागे चालतो आणि ६०.०९८८ चा गेम ६०.०९८८ वरच दिसतो.

तुमच्या सध्याच्या गेमांसाठी मात्र आज १०८० रेषा ६० हर्ट्झ लावा, उद्या अ‍ॅडॉप्टर आणि केस आणा, आणि प्लेस्टेशनचा गेम तासभर चालवून थ्रॉटल्डचं उत्तर काय येतं ते मला कळवा.